रेषेबाहेरून सांगू नये

मानवत,
दि. २५ फेब्रुवारी १९८५

किशनराव यास,
रेवणसिद्ध मास्तरचा शरणार्थ.

हे पत्र मी सांगतो आहे आणि चन्नबसम्मा लिहिते आहे. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले त्याला पाच वर्षं झाली, तेव्हापासून माझा पत्रव्यवहार बायकोच्या हातानं चालतो. तेव्हा अक्षर तिचं आणि राग माझा. (थोडा माझाही आहे. – च.)

तुझ्या क्रीडा मंडळानं महाशिवरात्रीच्या कबड्डीच्या सामन्यांना मला बोलावलं. जीप पाठवली, हार घातला, शाल पांघरली, नारळ दिला. तू स्वतः भोंग्यावरून सांगितलंस की ज्यांनी वालूरच्या दोन पिढ्यांना दम धरायला शिकवला ते मास्तर आज आपल्यात आहेत. कानाला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मला स्टेजवर तिसऱ्या खुर्चीत बसवलंत आणि विसरून गेलात.

तीन तास मी त्या खुर्चीत होतो. डोक्यावर भोंगा. तो काय सांगत होता? सभापतींचं आगमन झालंय. सभापतींचा सत्कार अमुक यांच्या हस्ते. रस्त्यात उभा केलेला ट्रॅक्टर काढून घ्यावा. परत सत्कार. किशन, तिथं कबड्डी चालली होती की बारसं? मैदान माझ्यापासून पन्नास पावलांवर. चढाई करणाऱ्याचा दम मला ऐकू येईना, पाय ऐकू येईनात. पाच वर्षांपूर्वी मी नुसत्या पावलांवरून सांगत होतो की हा पोरगा उजवीकडं वळणार. तुझ्या भोंग्यानं तेवढंही ठेवलं नाही.

फायनलच्या शेवटाला मोठा गलका झाला. मी शेजारच्या खुर्चीला विचारलं, "काय झालं हो?" शेजारी तुमचे अध्यक्ष व्यंकटराव. म्हणाले, "जिंकले मास्तर, जिंकले!" म्हटलं, कोण? तर म्हणतात, "आपलेच की!"

आपले म्हणजे कोण? सोनपेठच्या शाळेत मी अकरा वर्षं शिकवलं, वालूरला चौदा. दोन्हीकडची पोरं माझी. परत विचारलं, तोवर ते हार घालायला उठून गेले होते. कोण जिंकलं ते मला परतीच्या एसटीत कंडक्टरनं सांगितलं. जाताना जीप होती, येताना ती सभापतींना सोडायला गेली होती.

आता नीट ऐक. पुढच्या वर्षी मला खुर्ची नको. रेषेलगत, कोपऱ्याजवळ, खाली पोत्यावर बसायला जागा दे. आणि खेळ समजणारा एक माणूस दे, जो मला कानात सांगेल की कोण गेला, कुणी धरलं, कोण बाद झालं. एवढं होत असेल तर बोलाव. नुसती शाल द्यायची असेल तर माझ्याकडं तीन आहेत.

रेवणसिद्ध

*

वालूर,
दि. ९ मार्च १९८५

आदरणीय मास्तरांस,
किशनरावचा साष्टांग नमस्कार. काकूंनाही नमस्कार.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. मंडळाकडून काही उणं राहिलं असेल तर सेक्रेटरी म्हणून मी क्षमा मागतो. जीपचा घोटाळा झाला हे खरं आहे.

पण मास्तर, तुम्ही आमचं दैवत आहात. तुम्हाला पोत्यावर कसं बसवायचं? लोक आमच्या तोंडात शेण घालतील. शिवाय कोपऱ्यावर पोरं अंगावर येऊन पडतात. तुम्हाला लागलं तर जबाबदार कोण? वर बसलात की सगळ्या मैदानाला दिसता, पोरांना हुरूप येतो.

भोंग्याचं म्हणाल तर ते माझ्या हातात नाही. नामांतराच्या दंगलीपासून परवानगी काढावी लागते, आणि आम्ही अर्जात 'सूचना व सत्कार' एवढंच लिहीत आलो आहोत. खेळ सांगायला लागलो आणि कुणी हरकत घेतली तर? या वयात तुम्ही इतका त्रास करून घेऊ नये. हल्ली रेडिओवर क्रिकेटचं फार छान सांगतात, घरी बसून ऐकता येतं.

आपला,
किशन

*

मानवत,
दि. १४ मार्च १९८५

किशनराव यास,

तुझं पत्र चन्नबसम्मानं दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मीच वाचायला लावलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं ही मुद्दाम असं वाचते आहे.

मी वर बसलो की सगळ्या मैदानाला दिसतो! वा रे किशन! मला दिसत नाही ही अडचण आहे, मी कुणाला दिसत नाही ही नव्हे. गणपती बसवावा तसं मला बसवून ठेवलंस आणि वर सांगतोस की दैवत आहात. दैवताला खेळ कळायची गरज नाही, मला आहे.

आणि कबड्डी मागितली तर क्रिकेट घरी ऐका म्हणतोस. जेवायला वाढ म्हटलं तर दुसऱ्या गावाच्या पंगतीचा वास घ्या, असं झालं हे. 'सूचना व सत्कार' एवढंच लिहितो म्हणतोस, मग अर्जात तिसरा शब्द लिहायला शाई लागते किती?

लागलं तर जबाबदार कोण, हे मात्र विचारू नकोस. तू सातवीत असताना तुझा हात मोडला, तेव्हा जबाबदार कोण हे तुझ्या बापानं विचारलं नव्हतं. मी तुला खांद्यावर घालून सेलूला नेलं होतं.

माणूस तू देणार नाहीस, हे कळलं. पुढच्या वर्षी मी माझा माणूस घेऊन येतो. चन्नबसम्मा येईल. पस्तीस वर्षं तिनं माझ्याबरोबर कबड्डी पाहिली आहे. घोट्याची पकड आणि साखळी यातला फरक तिला तुझ्या अध्यक्षापेक्षा जास्त कळतो. (हे मी लिहिणार नव्हते, पण 'लिही' म्हणाले. खोटं नाही. – च.)

रेवणसिद्ध

*

वालूर,
दि. १२ मार्च १९८६

श्री. रेवणसिद्ध मास्तर, मानवत, यांस,

मंडळाच्या बैठकीत एकमतानं झालेला ठराव कळवण्यात येतो की, यंदाच्या अंतिम सामन्यात सौ. चन्नबसम्मा यांनी रेषेबाहेरून मोठ्यानं सूचना दिल्यामुळं खेळात व्यत्यय आला व निकालावर परिणाम झाला. सबब यापुढं आपणा उभयतांस मैदानाच्या रेषेलगत बसण्यास मनाई करण्यात येत आहे. व्यासपीठावर आपलं सन्मानाचं आसन पूर्ववत राहील.

कळावे,
किशनराव, सेक्रेटरी

*

मानवत,
दि. १६ मार्च १९८६

किशनराव यास,

ठराव पोचला. 'उभयतांस' हा शब्द चन्नबसम्मानं दोनदा वाचला. लग्नाच्या पत्रिकेनंतर आम्हा दोघांना तो शब्द कुणी पहिल्यांदाच लावला.

काय झालं ते तुला माहीत आहे, पण तू पाठ करून उभा होतास, म्हणून सांगतो.

आम्ही एसटीनं आलो. डाव्या कोपऱ्याबाहेर पोतं अंथरून बसलो. चन्नबसम्मा कानात सांगू लागली. पहिल्या दहा मिनिटांत माझ्या अंगावर काटा आला. सगळं मैदान समोर उभं राहिलं, किशन. सोनपेठचा उंच पोरगा चढाईला कसा खाली वाकून येतो, वालूरचा मधला कसा घाई करतो, सगळं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी कबड्डी बघत होतो.

लोकांचा आवाज वाढला तशी ती मोठ्यानं बोलू लागली. मग मागून तिच्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवला. दगडाबाई. वालूरचीच, तुझ्या गल्लीतली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. म्हणाली, "बाई, लाल बनेनवाला माजा नातू हाय. त्यो कुठं हाय ते बी सांग की." सहा वर्षं ती सामन्यांना येते आहे आणि नुसता गलका ऐकून जाते आहे. नातू जिंकला की हरला ते घरी गेल्यावर कळतं. तिच्यामागून आणखी चार-पाच जण सरकले. कुणाला एकच डोळा, कुणाला धूसर दिसतं. म्हातारपणी अर्ध्या गावाचे डोळे जातात, किशन. तुझ्या मंडळाला ते कधी दिसलेच नाहीत.

शेवटची दोन मिनिटं. गुण बरोबरीत. सोनपेठचा उंच पोरगा आत आला. चन्नबसम्मा ओरडली, "डाव्या कोपऱ्यातला वाकलाय, आता घोटा धरायलाय बघा!" पोरानं ऐकलं. पाय उचलला, कोपऱ्यातल्याला हात लावून परत गेला. वालूर एका गुणानं हरलं.

मग काय, "म्हातारीनं घात केला!" पंच दिनकररावनं शिट्टी फुंकली. तुझ्या दोन स्वयंसेवकांनी मला बखोटीला धरून उठवलं. साठ वर्षांच्या माणसाला, त्याच्याच मैदानातून. दगडाबाईला ढकललं, ती चुन्याच्या रेषेवर बसली. तू पाहुण्यांची यादी हातात घेऊन उभा होतास. मी तुला हाक मारली. तू म्हणालास, "मास्तर, आत्ता नको."

चन्नबसम्मा बोलली, हे खरं. पण त्या वेळी चार हजार लोक काय करत होते? "धर त्याचा पाय!", "मागं सर!", "उजवा सांभाळ!" ही सगळी माणसं रेषेच्या आत बसली होती का? चार हजारांचं ओरडणं म्हणजे उत्साह आणि एका बाईनं नवऱ्याला सांगितलं तो गुन्हा? तुमच्या पोरांना पकड करता आली नाही, ते खापर तुम्ही एका बाईच्या तोंडावर फोडलंत.

तुझं सन्मानाचं आसन तूच वापर.

रेवणसिद्ध

*

वालूर,
दि. ३० मार्च १९८६

मास्तर,

आजपर्यंत तुमच्यापुढं मान वर केली नाही. आज करतो.

नियम कुणाचा आहे? 'रेषेबाहेरून कोणीही काही सांगू नये. सांगणारास मैदानाबाहेर काढावे.' एकोणीसशे अडुसष्ट साली तुम्ही सांगितला आणि मी सुवाच्य अक्षरात लिहून घेतला. तो कागद अजून मंडळाच्या पेटीत आहे, खाली तुमची सही आहे. आम्ही तुमचाच नियम पाळला आणि शिव्याही तुमच्याच खाल्ल्या. गर्दी ओरडते तिचं काही समजत नाही, काकूंचं बोलणं स्वच्छ समजत होतं, म्हणून तो पोरगा वाचला. तेही तुम्हाला कळतं, पण रागात कबूल करणार नाही.

आणि एक सांगतो, जे तेरा वर्षं सांगितलं नाही. एकाहत्तर सालच्या सामन्यात तुम्ही पंच होतात, मी कप्तान. कोपऱ्यावर खालच्या आळीतला नागनाथ बसला होता, त्याच्या म्हाताऱ्या आबांना घेऊन. नागनाथ सारखा काहीतरी पुटपुटत होता. तुम्ही शिट्टी मारलीत, खेळ थांबवलात, आणि 'खुणा करतोस काय रे' म्हणून त्याला कानाला धरून बाहेर काढलंत. म्हातारा उठेना, तेव्हा 'यालाही न्या' म्हणालात. लोक हसले. मीही हसलो.

आबांना दिसत नव्हतं, मास्तर. लहानपणी देवी आल्या, त्यातच डोळे गेले होते. नागनाथ बापाला खेळ सांगत होता.

मला हे दोन वर्षांनी कळलं. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. तुम्ही त्याला 'काय सांगतोस' एवढं तरी विचारलं होतं का? आमच्याकडं बोट दाखवता, म्हणून लिहिलं. पत्र काकूंना वाचावं लागेल याचं वाईट वाटतं.

किशन

*

मानवत,
दि. २ मे १९८६

किशन,

तुझं पत्र चन्नबसम्मानं आधी मनात वाचलं. मग म्हणाली, "आज वाचत न्हाई, उद्या वाचते." मी हट्ट धरला.  मला ती शिट्टी आठवते. त्याचा कान हातात धरलेला आठवतो. म्हातारा आठवत नाही, आणि याचीच मला जास्त लाज वाटते.

नागनाथ सेलूच्या मोंढ्यात हमाली करतो असं कळलं. परवा चन्नबसम्माला घेऊन गेलो. पोती उतरवणं थांबवून तो समोर आला. मी नाव सांगितलं. म्हटलं, माफी मागायला आलोय.

तो म्हणाला, "मास्तर, आबाला मरून नऊ वर्सं झाली. त्या दिसानंतर त्यो मैदानावर आला न्हाई. मी घरी यिऊन सांगायचो, तर म्हणायचा, नगं. आपल्याला हाकललंय तिथलं काय ऐकायचं. लय शौक होता त्याला. तुमची माफी मी कुणाला निऊन दिऊ?"

मी हात जोडले. त्यानं ते घेतले नाहीत, पण मला कट्ट्यावर बसवलं आणि चन्नबसम्मासाठी चहा मागवला.

किशन, नियम माझाच. चन्नबसम्माचीही चूक झाली, तिनं घडणार ते सांगितलं. (मला खेळ कळतो ही माझी चूक. – च.) पण त्या नियमाचं काय करायचं हे मी तिथंच बसून ठरवलं. आता मला कोपरा नको आणि पोतंही नको. भोंगा पाहिजे. प्रत्येक चढाई झाली की जे घडलं ते भोंग्यावरून सांगायचं. घडून गेलेलं सांगितलं तर कोणत्या खेळाडूला फायदा होतो? मला ऐकू येईल, दगडाबाईला येईल, मागं झाडावर चढून बसणाऱ्यांनाही कळेल. सत्कार मध्यंतरात उरकावेत.

माझ्या नियमाखाली हे लिही आणि बैठकीत वाच. नाही म्हणाले तर मला कळवू नकोस. आणि होईपर्यंत मी वालूरला पाऊल ठेवणार नाही.

रेवणसिद्ध

*

वालूर,
दि. ४ मार्च १९८७

मास्तरांस आणि काकूंस,
किशनचा नमस्कार.

बैठकीत वाचलं. तीनदा वाचलं, तीन बैठकांत. व्यंकटराव म्हणाले, "आंधळ्यांसाठी गावाचा भोंगा अडवायचा का?" सभापती काय म्हणतील, पाहुण्यांचं नाव मध्यंतरात घेतलं तर ते पुढच्या वर्षी येतील का. माझ्याच माणसांची मला शिसारी आली. नामंजूर झालं. तुम्ही कळवू नको म्हणाला होतात, म्हणून कळवलं नाही.

फायनलच्या दिवशी नेहमीसारखी यादी माझ्या हातात दिली. मी ती खिशात घातली आणि माईक घेऊन मैदानाकडं तोंड केलं. म्हटलं, आज मी सांगतो. आणि मास्तर, मला सांगता येईना. सोळा वर्षं मी मैदानाकडं पाठ करून पाहुणे बघत आलो. कोण कोणत्या जागी उभा आहे हेच कळेना. 'गेला... आला...' एवढंच तोंडातून निघे. लोक हसायला लागले. तेव्हा खरं तर मला तुमचा आधार हवा होता, आणि तुम्ही मानवतला शपथ घेऊन बसला होतात. त्याचा राग मला अजून आहे.

मी नागनाथला बोलावणं पाठवलं होतं. येईल असं वाटत नव्हतं. तो मांडवाच्या बांबूपाशी उभा होता. स्टेजवर चढला, माझ्या हातातून माईक घेतला आणि बोलायला लागला. अडखळला नाही. एक चढाई संपली की सांगायचा, दुसरी सुरू झाली की गप्प.

पाच मिनिटांत व्यंकटरावांनी भोंग्याची वायर ओढून काढायला लावली. माईक बंद पडला. नागनाथनं तो खाली ठेवला आणि उघड्या गळ्यानं सांगायला लागला. अध्यक्ष ओरडत होते, "खाली उतर!" त्याला ऐकू यावं म्हणून ते ओरडत होते आणि त्याचं आपल्याला ऐकू यावं म्हणून लोक गप्प व्हायला लागले. आधी पुढचे, मग मागचे, मग झाडावरचे. वालूरच्या मैदानात मी एवढी शांतता कधी ऐकली नाही. चढाईवाल्याचा दम स्टेजपर्यंत ऐकू येत होता.

मला मंडळातून काढलं आहे. ते सोडा. शेवटची चढाई नागनाथनं कशी सांगितली ती मी त्याला दुसऱ्या दिवशी परत सांगायला लावली आणि जशीच्या तशी लिहून घेतली. काकू, हे मोठ्यानं वाचा.

"सोनपेठचा उंच पोरगा आत गेला. वालूरचे तिघंच ऱ्हायले हुते. त्यानं उजव्या अंगानं हूल दिली, मधला फसला न्हाई. पोरगा खोलात गेला, लय खोलात. दगडाबाईच्या नातवानं खाली बसून घोटा धरला. पोरगा पडला, पर दम सोडला न्हाई. सरपटत निघाला. दोघं अंगावर, तरी निघाला. हात लांब केला. रेषेला यवढं, चार बोटं कमी. आन दम तुटला, आबा. तितंच तुटला. वालूर जिंकलं."

'आबा' तो भर मैदानात म्हणाला, चार हजार माणसांसमोर. त्याच्या लक्षातही आलं नाही. कोणी हसलं नाही, मास्तर.

किशन